बाराचा बोगदा

माझ्या बायकोच्या उजव्या गुडघ्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. तिचाही बसला नव्हता.

स्कूटर घसरून त्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. लिगामेंट म्हणजे वरचं हाड आणि खालचं हाड एकमेकांना धरून ठेवणारी आतली दोरी. ती तुटली की आपोआप जुळत नाही, नवी घालावी लागते. मोठ्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी तिच्याच मांडीमागच्या स्नायूची एक दोरी काढून गुडघ्यात बसवली. टाके निघाले, ती चालायला लागली, जिना चढायला लागली. सरळ चालताना काही त्रास नव्हता. वळली की मात्र गुडघा आतल्या आत सटकायचा. प्रत्येक तपासणीला ती हेच सांगायची. मोठे डॉक्टर तिला आडवं झोपवायचे, नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढायचे आणि म्हणायचे, "घट्ट आहे. ऑपरेशन उत्तम झालंय. भीती तुमच्या मनात आहे."

"मन गुडघ्यात असतं हे मला माहीत नव्हतं," ती रिक्षात बसल्यावर म्हणायची.

मग तिने वळायची स्वतःची पद्धत काढली. एका पायावर गर्रकन न वळता चार-पाच लहान पावलं टाकून, मोठा वळसा घेऊन वळायचं. मी बस स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली ते बघायचं आणि कर्ण्यावरून सांगायचं, हे माझं काम. स्वयंपाकघरात ती अशी वळायला लागली की मी म्हणायचो, "लांब पल्ल्याची गाडी दिसतेय."

"मग बघत काय बसलाय? मागे कोणी नाही ना बघा आणि शिट्टी मारा."

गेल्या वर्षी जिन्याच्या वळणावर, कपड्यांची बादली हातात असताना ती पडली. डोक्याला मार लागला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारी म्हणाले, जिना ओला होता. असेल. पण ओला जिना तिला नवीन नव्हता. ती पडली ती वळणावर, सरळ पायऱ्यांवर नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जायला तयार नव्हती.

तिचे दिवस झाल्यावर मी जुन्या एक्स-रेची फिल्म घेऊन हाडांच्या दोन डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोघांनीही फिल्म उजेडासमोर धरली. दोघेही म्हणाले, स्क्रू जागेवर आहेत, काम उत्तम आहे. दुसरा वर म्हणाला, "काका, आता हे कशाला उकरताय?"

मी फिल्म परत पाकिटात घातली आणि कपाटात ठेवली. उत्तम हा शब्द ऐकला की तेव्हापासून माझे कान उभे राहतात.

आणि मग मुलगी पडली.

मुलगी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. स्वतः व्हॉलीबॉल खेळते. उंच आहे म्हणून तिच्या मावशीने लहानपणीच तिचं नाव शिडी ठेवलं, तेच चिकटलं. नेटजवळ उडी मारून डाव्या पायावर उतरली आणि पाय आतल्या आत मुरगळला. तिने तिथेच सांगितलं म्हणे, "माझं लिगामेंट गेलं." घरात इतकी वर्षं तेच ऐकलेलं, तिला काय कळायचं राहणार.

ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा तिने डॉक्टरही ठरवून टाकला होता. मोठे डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताखाली ज्याने काम केलं, तो आता त्याच हॉस्पिटलात त्यांच्या जागेवर होता.

"तेच हॉस्पिटल?" मी विचारलं.

"बाबा, त्यांनी ऑपरेट केलेल्या मुली परत खेळतात. माझ्याबरोबर खेळतात. मी बघितलंय."

"गुरू तसा चेला."

"तुम्ही या माझ्याबरोबर. भेटा, बघा, काय विचारायचं ते विचारा. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करून घेणार. मग तर झालं?"

एवढी मोठी मुलगी, तिला माझ्या परवानगीची गरज नव्हती. पण घरात आता आम्ही दोघंच होतो, आणि तिने शब्द दिला होता. म्हणजे त्या माणसाच्या हातात तिचा पाय द्यायचा की नाही, ते माझ्यावर आलं.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिला एक्स-रे काढायला आत नेलं होतं. मी बाहेर बाकावर होतो. बाकासमोरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीवर दोन फिल्म्स लावलेल्या. डॉक्टर आणि त्यांचा एक शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"हा आईचा," डॉक्टर म्हणाले. "बघ. बाराला घेतलाय. साडेदहाला हवा होता."

शिकाऊ डॉक्टर वाकून बघायला लागला. "सरळ बाराला?"

"सरळ बाराला. मुलीचा आपण दीडला घेऊ."

"दोनला नको?"

"दोनपर्यंत कशाला जायचं? दीड."

माणसाचे कान त्याच्या नोकरीचे असतात. मी आयुष्यभर साडेदहाची, बाराची, दीडची हेच ऐकलं आणि सांगितलं. ते एक वाक्य बोलले आणि माझ्या डोक्यात वेळापत्रक उभं राहिलं. माझ्या बायकोला त्या दिवशी साडेदहाला आत नेलं होतं. हे मला पक्कं आठवतं, कारण आमच्या स्टँडवरून साडेदहाला सुटणारी गाडी कधी म्हणून चुकायची नाही, आणि ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, सुटली. आता हे म्हणतायत, गुडघा बाराला घेतला. मग मधला दीड तास तिला भूल देऊन नुसतं टेबलावर निजवून ठेवलं होतं की काय? मोठे डॉक्टर कुठे होते? आणि ते नव्हते तर आत होतं कोण?

शिवाय शिडीचं ऑपरेशन सकाळी पहिलं, असं आम्हाला सांगितलं होतं. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि आतल्या आत ठरतंय दीडला घेऊ.

परत येताना टॅक्सीत मी विचारलं, "आईची फिल्म त्यांच्याकडे कशी गेली?"

"मी दिली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असतीत?"

दिली नसती. ते सोडून मी म्हटलं, "काय म्हणाले बघून?"

"काही नाही. बघतो म्हणाले." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सिग्नलला उभा असलेला एक सिमेंटचा ट्रक होता. मी ओळखलं, ही काहीतरी गिळतेय.

संध्याकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, शिडीची मावशी. ती शिवणाचे क्लास घेते आणि कुठल्याही गोष्टीचं कापड उलटं करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. शिडी आतल्या खोलीत झोपली होती. मी मावशीला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"मग त्यात काय कळायचं राहिलंय, भावोजी," ती म्हणाली. "मोठे डॉक्टर नावाला. ताईला झोपवलं, हे गेले कुठेतरी चहा पीत बसले, आणि सुरी दिली दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात. कपडे मी शिवते म्हणून सांगते. नाव माझं आणि टाके पोरींचे, असं चालतंच."

"तू चालवतेस?"

"मी फक्त काजं देते त्यांच्याकडे. विषय बदलू नका."

"शिडीला सांगायचं का?"

"आत्ता नको. ताकास तूर लागू द्यायची नाही. आधी खात्री करा. दुधाने पोळलंय आपल्याला, ताक फुंकून प्यायला काय हरकत आहे."

खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी एकटाच हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "माझ्या मुलीचा गुडघा किती वाजता घेणार?"

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "सकाळी पहिला नंबर."

"नक्की?"

"नक्की."

"लिहून देता?"

"काका, हे काय बसचं रिझर्वेशन आहे?"

त्याला कसं कळलं, कोण जाणे. मी तिथून निघालो तर लिफ्टमध्ये तोच शिकाऊ डॉक्टर भेटला. चेहऱ्याने गरीब. मी त्याच्याशी हवापाण्याचं बोललो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलीला आत कधी घेणार?"

"आठला, काका."

"आठला आत. आणि दीडला काय?"

तो गोंधळला. "दीडला? दीडपर्यंत ती जेवतसुद्धा असेल."

इतकं सरळ तोंड करून खोटं बोलणारा माणूस मी स्टँडवरसुद्धा बघितला नव्हता, आणि तिथे विनातिकीट प्रवाशांशी माझी रोजची गाठ होती. कुठेतरी पाणी मुरतंय याची मला खात्री पटली. मी घरी येऊन मावशीला फोन केला. ती म्हणाली, "सगळे मिळालेले आहेत. भरतीच्या दिवशी मी येते तुमच्याबरोबर."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी शिडीला भरती करून घेतलं. डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. शिडी कुबड्या बाजूला ठेवून खुर्चीत बसली, मावशी तिच्याशेजारी, मी दाराजवळ. शिकाऊ डॉक्टर कोपऱ्यात उभा होता. डॉक्टर साधारण पन्नाशीचे, बारीक, केस विरळ झालेले. उद्या काय काय करणार ते त्यांनी सांगितलं. कुठली दोरी काढणार, किती दिवस कुबड्या, खेळायला कधी लागायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या मुलीला दीड वाजेपर्यंत उपाशी ठेवायचं का ठरवलंय?"

"दीड?"

"मी ऐकलंय. मुलीचा दीडला घेऊ म्हणालात. आईचा बाराला घेतला, साडेदहाला हवा होता म्हणालात. मी बाहेरच बसलो होतो. तिला साडेदहालाच आत नेलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत. मग बारापर्यंत तिला कोणाच्या ताब्यात ठेवलं होतं?"

शिडी म्हणाली, "बाबा." कोपऱ्यातल्या शिकाऊ डॉक्टरने तोंडावर हात ठेवला. खोकला आल्यासारखं करत होता, पण खोकला नव्हता तो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उचलला आणि माझ्याजवळची खुर्ची ओढून बसले.

"ती वेळ नाही, काका. जागा आहे. हे मांडीचं हाड. खाली येतं तिथे त्याला असे दोन गोल असतात, आणि मध्ये ही खाच. दोरी या खाचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली असते. गुडघा वाकवून समोरून बघितलं तर ही खाच कमानीसारखी दिसते. दिसतेय?"

"दिसतेय."

"त्या कमानीवर आम्ही घड्याळ ठेवलंय असं समजतो. अगदी वर, मधोमध, बारा. उजव्या गुडघ्यात दोरीची जागा साडेदहाच्या आसपास येते, उताराला. डाव्यात दीडच्या आसपास. नवी दोरी ओवायला हाडात भोक पाडावं लागतं. त्याला आम्ही बोगदा म्हणतो. बोगदा कुठे घेतला, कुठे घ्यायचा, ते सांगायची ही जुनी भाषा आहे. हल्ली कोणी फारशी वापरत नाही. याला शिकवायला सोपी पडते म्हणून मी वापरतो."

मावशी म्हणाली, "म्हणजे गुडघ्याचे बारा वाजले म्हणतात ते असे." आणि हसली. मग आपण कोणाच्या गुडघ्याबद्दल बोललो ते तिच्या लक्षात आलं.

मी त्या प्लॅस्टिकच्या खाचेकडे बघत बसलो. सुतावरून स्वर्ग गाठला होता मी, आणि सूतच नव्हतं. दीड तास नव्हता, चहा नव्हता. लाज वाटली. पण लाज वाटत असतानाच एक शब्द मनात अडकून राहिला होता.

"घड्याळाचं कळलं," मी म्हटलं. "पण तुम्ही म्हणालात, साडेदहाला हवा होता. हवा होता म्हणजे नव्हता."

शिकाऊ डॉक्टरचं खोकणं थांबलं.

"नव्हता," डॉक्टर म्हणाले. "वर गेला होता. कमानीच्या टोकाला."

"त्याने काय होतं?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्या दोन हाडांमध्ये उभं धरलं. "दोरी अशी उभी बसते. खालचं हाड पुढे सरकायला लागलं तर ही अडवते. पण माणूस पाय रोवून वळला की खालचं हाड फिरतं. फिरणं अडवायला दोरी तिरकी लागते." त्यांनी पेन तिरकं केलं. "अशी."

"नुसती नडगी पुढे ओढून बघितली तर?"

"घट्ट लागणार."

"आणि वळवून बघितलं असतं तर?"

"सटकला असता."

"ती हेच सांगत होती. दर वेळी. इथेच येऊन सांगत होती. तिला सांगितलं, तुझ्या मनात आहे."

"त्या खरं सांगत होत्या," डॉक्टर म्हणाले. "मनात नव्हतं. गुडघ्यातच होतं."

मावशीने पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, काही न काढता बंद केली. मी विचारलं, "ती त्यामुळे पडली का?"

"ते मला सांगता येणार नाही. हो म्हटलं तरी ते खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. सटकणारा गुडघा होता, एवढं मी सांगू शकतो."

मी शिडीकडे वळलो. "तुला माहीत होतं."

"बाराला गेला होता, एवढं माहीत होतं. फिल्म दिली त्याच दिवशी त्यांनी सांगितलं मला."

"आणि मला म्हणालीस, बघतो म्हणाले."

"तुम्ही नुसत्या चहावर जगत होतात तेव्हा. काय सांगू? आणि मला विचारायचंच होतं बाबा. आईचं काय झालं ते कळल्याशिवाय मी त्या टेबलावर कशी झोपणार होते?"

मी पुन्हा डॉक्टरांकडे बघितलं. "बोगदा पाडला कोणी? मोठ्या डॉक्टरांनी?"

आत्तापर्यंत ते प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होते. आता त्यांनी आधी पेन खिशात ठेवलं.

"आधी हाडात एक बारीक तार घालतात," ते म्हणाले. "मग त्या तारेवरून ड्रिल चालवतात. तार मोठ्या डॉक्टरांनी लावली होती. ड्रिल माझ्या हातात होतं."

शिडीने झटकन मान वर केली. हे तिला माहीत नव्हतं.

मावशी उठली. "चल गं. उठ. भावोजी, त्या कुबड्या द्या इकडे. मी म्हटलं नव्हतं? नाव एकाचं, टाके दुसऱ्याचे."

"मावशी, बस," शिडी म्हणाली.

"बसू कशाला? अजून काय ऐकायचंय?"

"बाबांचं झालेलं नाही."

खरंच झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"त्या काळी खालच्या हाडातल्या भोकातूनच वरचं भोक पाडायची पद्धत होती. त्या वाटेने गेलं की तार वरच जाते. पुष्कळांचे अकराला गेले, साडेअकराला गेले. हा बाराला चालला होता. मला शंका आली होती."

"बोललात?"

"नाही."

"का?"

"मोठे डॉक्टर म्हणाले, चालव. मी चालवलं."

"आणि आज मी विचारलं नसतं तर? ड्रिलचं सांगितलं असतंत?"

त्यांनी विचार केला. "माहीत नाही," ते म्हणाले. मग शिडीला म्हणाले, "तुला दुसरीकडे करून घ्यायचं असेल तर मी चांगली नावं देतो. राग मानणार नाही. घाईचं ऑपरेशन नाही हे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिडीने शब्द दिला होता, आणि ती पाळणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी नाही म्हटलं असतं तर ती उठली असती.

नाही म्हणणं सोपं होतं. समोर बसलेल्या माणसाच्या हाताने माझ्या बायकोच्या हाडात चुकीच्या जागी भोक पडलं होतं. यापेक्षा मोठं कारण काय लागतं? पण उठून जायचं कुठे, हा प्रश्न होता. हीच फिल्म मी दोघांना दाखवली होती. दोघांनाही उत्तम दिसलं. त्यांना दिसलंच नसेल तर त्यांच्या नजरेत काही अर्थ नाही, आणि दिसूनही ते गप्प बसले असतील तर त्यांच्यापाशी मुलगी न्यायची कशाला? चांगल्या नावांच्या यादीत तेच दोघं असायचे. या माणसाचाही मला भरवसा वाटत नव्हता. माहीत नाही म्हणाला, म्हणजे अर्धं लपवायची तयारी होतीच. पण ज्याला शंका येते असा एवढाच एक मला भेटला होता.

मी विचारलं, "उद्या तार कोण लावणार?"

"मी."

"ड्रिल?"

"मीच."

"आणि हा?"

"हा पाय धरणार."

"कुठल्या वाटेने जाणार? त्याच?"

"नाही. ती वाट सोडून बरीच वर्षं झाली. आता बाजूने वेगळं छिद्र घेतो आणि गुडघा पूर्ण वाकवून वरचा बोगदा स्वतंत्र पाडतो. म्हणजे हवी ती जागा गाठता येते."

"तार लावल्यावर लगेच चालवणार?"

"आधी कॅमेऱ्यातून बघणार, मग एक्स-रेवर बघणार."

"आणि तार चुकली असली तर?"

"तार काढता येते. बारीक असते, तिने काही बिघडत नाही. बोगदा एकदा पडला की बुजवून परत पाडणं फार कठीण. म्हणून थांबायचं असेल तर तारेपाशीच."

"उद्या शंका आली तर?"

"थांबेन."

मी कोपऱ्यातल्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं, "आणि तुला आली तर?"

त्याने आधी आपल्या साहेबांकडे बघितलं. साहेबांनी त्याला काहीच खूण केली नाही. "बोलेन," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल."

"बाबा," शिडी म्हणाली. "काय करू?"

"मी नाही म्हणत नाही."

"म्हणजे हो?"

"हो मला म्हणता येत नाहीये. नाही म्हणत नाही, तेवढ्यावर भागव."

"भागवते," शिडी म्हणाली, आणि डॉक्टरांना म्हणाली, "तुम्हाला चालेल?"

"मला चालेल."

"एका माळेचे मणी आहात दोघं बापलेक," मावशी पुटपुटली, आणि बसली.

सकाळी शिडीला खरंच आठला आत नेलं. तिच्या केसांवर ती निळी टोपी बसत नव्हती, मावशी ती ढकलून ढकलून बसवत होती. "डोकं आवर तुझं," म्हणाली. शिडीने माझा हात धरला आणि सोडला. दार बंद झालं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर दुसऱ्या कोणाचं तरी कुटुंब होतं, त्यांचा माणूस कशासाठी आत होता ते आम्ही विचारलं नाही. मावशीने थर्मासमधून चहा ओतला. मी नको म्हटलं, मग घेतला. मी उठून दारापर्यंत जाऊन आलो. दाराला गोल काच होती, पण तिच्यातून दुसरं एक बंद दार दिसत होतं.

"बसा हो," मावशी म्हणाली. "दारावर पाळत ठेवून आतलं काही कळतं का?"

"तू कालपर्यंत काय म्हणत होतीस?"

"कालपर्यंत म्हणत होते. आज ती आत आहे. आता तोंडातून वाईट काढायचं नाही."

मला मात्र वाईटाशिवाय काही सुचत नव्हतं. रात्री झोपताना वाटलं होतं ते परत वाटायला लागलं. चार प्रश्नांची उत्तरं सरळ दिली म्हणून मी मुलीला त्याच्या हवाली केलं. सरळ उत्तरं देणारे लबाड मी काय थोडे पाहिले होते? तिची आई असती तर तिने मला असं करू दिलं असतं का, तेही मला सांगता येईना. आता दार वाजवून थांबा म्हणायची सोय नव्हती.

मी असा बसलेला असताना दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. तोंडावर मास्क, हातात काही नाही. ऑपरेशन संपायला अजून बराच वेळ होता. मावशी उभी राहिली.

"गुडघ्याच्या पेशंटचे वडील?"

मी हात वर केला.

"सरांनी सांगायला सांगितलंय. तार लावली होती, ती काढली. परत लावतायत. थोडा वेळ जास्त लागेल. पेशंट ठीक आहे."

मावशीने माझा दंड धरला. "काढली म्हणजे? चुकली का? भावोजी, चुकली म्हणतायत."

"पहिली लावली ती कोणाला पटली नाही?" मी सिस्टरला विचारलं. "सरांना, की त्या मुलाला?"

सिस्टरला या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "त्यांना," ती म्हणाली. "त्या छोट्या डॉक्टरांना. सर म्हणाले, मग काढू."

मावशी अजून माझा दंड ओढत होती. मी तिचा हात सोडवला आणि तिला बाकावर बसवलं.

"सांगा त्यांना," मी सिस्टरला म्हटलं, "सावकाश लावा. आम्ही बसलोय इथेच."